सलीमभाईंनी वाकवलेली हँडलं

आमच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. भंगार आणि किस्से. भंगार न्यायला महिन्यातून एकदा हातगाडीवाला येतो. किस्से कोणीच नेत नाही. म्हणून बसा, चहा सांगतो!

गोंदियात आमचं छोटंसं वर्कशॉप आहे. मी लेथ मशीनवर, माझे भागीदार सलीमभाई वेल्डिंगवर. काम मुख्यतः राइस मिलचं. पण बाजारात मिळत नाही असं सायकलचं हँडल इथे बनवून मिळतं, ही बातमी कशी पसरली, देव जाणे!

*

एक साहेब मोबाइलमध्ये फोटो घेऊन आले. रेसच्या सायकलचं, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल. जुन्या सायकलला तसंच हवं होतं.

सलीमभाईंनी स्टीलचा पाइप घेतला. वाकवताना चपटा होऊ नये म्हणून आत वाळू ठासली, तापवला, वळवला. डावं शिंग अगदी फोटोसारखं आलं. उजवं जरा जास्तच वळलं!

साहेबांनी फोटो हँडलशेजारी धरून पाहिला. सलीमभाई म्हणाले, "साब, गोंदिया का कौनसा रोड दोनों तरफ से बराबर है?"

साहेब हसत हसत घेऊन गेले. नंतर मीच दोनदा म्हटलं, दुसरं बनवून देतो. म्हणतात, "राहू द्या हो. आता हाताला तेच सरळ वाटतं."

*

एक गुरुजी आहेत, सारस पक्ष्यांच्या मागे वेडे. रोज सकाळी धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे पाणी भरलेल्या खाचरांच्या, कडेनं सायकल काढतात. त्यांना हँडलवर दुर्बिणीचा स्टँड हवा होता. मी लेथवर क्लॅम्प बनवून दिला.

दुसऱ्याच दिवशी गुरुजी दारात. डोक्यापासून पायापर्यंत चिखल!

"काय जी गुरुजी, सारस दिसला का नाही?"

"दिसला ना! जोडी होती. बांधी नाही दिसली!"

*

यमुनाबाईंनी जन्मभर विड्या वळल्या. बोटं आता अर्धवट वाकलेलीच राहतात. हँडलवर मूठ मिटत नाही. लेक म्हणे, सायकल सोडा. यमुनाबाई म्हणत, "मंग बहिणीकडं कशी जाऊ?"

सलीमभाईंनी ओल्या मातीचे दोन गोळे त्यांच्या हातात दिले. "दबाओ, अम्मा." त्यांनी दाबले. त्या ठशावरून आम्ही लाकडाच्या दोन जाड मुठी घासल्या, वर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली.

यमुनाबाईंनी मुठी धरल्या. सोडल्या. पुन्हा धरल्या.

"काऊन जी, टोचते का?" मी विचारलं.

"नाही जी," त्या म्हणाल्या. "बांगडीबी कधी माह्या मापाची नाही भेटली!"

सलीमभाईंनी वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढला. वेल्डिंगचं काहीच काम नव्हतं!

*

आणि रामाजी-देवकाबाई. हे दोघं अर्जुनी मोरगावहून आले, सायकलसकट. लग्न झालं तेव्हापासून रामाजी सायकल चालवायचे, देवकाबाई मागे कॅरियरवर. मग शुगरनं रामाजींची नजर गेली. वर्षभर ते घराबाहेर पडले नाहीत. शेवटी पंचावन्नाव्या वर्षी देवकाबाई सायकल शिकल्या. आता त्या पुढे, रामाजी मागे.

अडचण एकच. रामाजी घाबरून त्यांचं लुगडं खेचायचे, की तोल गेलाच!

म्हणून सीटच्या मागे, रामाजींना धरायला, दुसरं हँडल हवं होतं. आम्ही जोडून दिलं. रामाजींनी ते चाचपून पाहिलं.

"ब्रेक कुठी आहे?"

"तुम्हाले ब्रेक कायले जी?"

"कायले म्हंजे? बाईमाणूस चालवून राहिली!"

देवकाबाईंनी मला बाजूला घेतलं. हळूच म्हणाल्या, "लावून द्या जी भाऊ. पण तार नोका जोडू."

मी ब्रेकचा दांडा बसवला. तार जोडली नाही. दोघं चक्कर मारायला निघाले. आम्ही दारात उभे.

तेवढ्यात समोरच्या मिलच्या गेटातून एक ट्रक रिव्हर्समध्ये बाहेर आला. आवाज ऐकून रामाजींनी मागचा दांडा दाबला. खट्!

सायकल जागच्या जागी थांबली. देवकाबाईंची बोटं पुढच्या ब्रेकवर, एक पाय जमिनीवर, मान सरळ पुढे. ट्रक निघून गेला.

रामाजींनी मागून त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"पाह्यलं का व? बेस लागते ब्रेक!"