न कापलेली फ्रेम

ग्राइंडर सुरू होता. फ्रेमच्या मागच्या भागावर खडूची रेघ मारून ठेवली होती. धुळ्याचा प्रितम मोबाइल धरून शूटिंगला उभा.

"भाऊ, मारा कट!"

मी ग्राइंडर बंद केला.

"लाइट गेली का?"

"नाही. गाडी कापायची नाही."

जळगावात पिंप्राळ्याला माझं गॅरेज आहे. जुन्या मोटरसायकलींचंच काम करतो. प्रितमची साडेतीनशे सीसीची गाडी त्याच्या आजोबांची. टाकीवरच्या सोनेरी रेघा कंपनीच्या, टूलबॉक्सची किल्लीसुद्धा मूळची. त्याला ती 'बॉबर' करून हवी होती. म्हणजे मागची फ्रेम कापून आखूड करायची, मडगार्ड छाटायचे, एकट्याचीच सीट ठेवायची. दिसते झकास. पण कापलेली फ्रेम पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

"गाडी माझीच ना, भाऊ? म्युझियममध्ये ठेवू का?"

त्याचंही खरं होतं. बॉबर मलाही आवडते. म्हणूनच पंधरा वर्षांपूर्वी मी अशीच एक गाडी कापली. धुळ्याच्या नानांची, निवृत्त शिक्षकांची. नाना लेकीकडे भडगावला गेले असताना त्यांच्या मुलाने आणून दिली. नानांना विचारलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. पण हात शिवशिवत होते. नाना परतले तेव्हा मी सांगितलं, "फ्रेमला तडा होता, कापावीच लागली."

तडा नव्हता. हे मी बायकोलाही कधी बोललो नव्हतो. प्रितमला सांगून टाकलं.

त्याने मोबाइल खिशात घातला. मग म्हणाला, "न कापता बॉबर होते?"

पुढचे आठ दिवस मला जेवणाचं भान नव्हतं! पुठ्ठ्याचे साचे कापले. छोटा मडगार्ड बनवला, पण तो धरायला जागाच मिळेना. वेल्डिंग करायचं नव्हतं. मग मागच्या कॅरिअरच्या बोल्टांची दोन भोकं दिसली. मडगार्ड धरणारा ब्रॅकेट त्यांत चपखल बसला! मी असा ओरडलो की शेजारचे गिरणीवाले पिठाच्या हातांनी धावत आले. नवीन भोक एकही नाही. काढलेले पार्ट चिठ्ठ्या लावून पेटीत भरले.

डिलिव्हरीला मीच गाडी चालवत धुळ्याला गेलो. आधी नानांच्या दारात थांबलो.

"नाना, तेव्हा मी खोटं बोललो. तडा नव्हता."

नाना वाकले, प्रितमच्या गाडीच्या सीटखाली हात घातला आणि फ्रेमवरून बोट फिरवत वेल्डिंगचा सांधा शोधला. सापडला नाही.

"दर रविवारले मीच पुसत व्हतु ती फ्रेम," ते म्हणाले. "तडा ऱ्हाता ते माले दिसता नही का?"

"मग बोलला का नाहीत?"

"कापेल गाडीले बोलीसन काय फायदा? ही मस्त शे. चावी दे इकडे."

प्रितमला डिलिव्हरी तासभर उशिरा मिळाली.

आता कोणी गाडी कापायला आणली, की कागदपत्रांच्या आधी मी एकच विचारतो: ही पुसतं कोण?