तात्यांची राहिलेली दाढी

सोमवार, म्हणजे सलूनला सुट्टी. शटर अर्धं ओढून भानुदास गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जरा टेकलाय. जेवण अंगावर आलंय, डोळा जड होतोय. एकच. डावा मिटला काय नि उघडा ठेवला काय, सारखंच. चार महिन्यांपूर्वी मोटारसायकलवरून पडताना भुवईला मार बसला आणि आतली डोळ्याची नस सुकली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, ही नस पुन्हा धरत नाही, चष्म्याचाही उपयोग नाही. वरून डोळा धडधाकट, त्यामुळे अर्ध्या गावाला वाटतं, गडी कामचुकारपणा करतोय. गावाचं काय जातंय बोलायला! एका डोळ्याला वस्तू किती लांब आहे ते नीट कळत नाही. कंगवा ठेवायला जावं तर फळीच्या अलीकडंच सुटतो. मग गळ्यावर वस्तरा कसा धरायचा? म्हणून नुसती कात्री आणि मशीन चालू आहे. आज संध्याकाळी चुलतभाऊ माधव येऊन वस्तरा कायमचा घेऊन जाणार, असं ठरलंय.

पंखा घरघरतो. आरशात सलूनऐवजी नदी दिसते. खुर्ची घाटाच्या पायऱ्यांवर आहे, आणि खुर्चीत आता तात्या बसलेत, भानुदासचे वडील. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी गालांवर तीच दवाखान्यातली पांढरी खुंटं. अख्ख्या गावाच्या दाढ्या केलेला माणूस दाढी वाढलेलाच गेला. त्या धावपळीत पोराला सुचलंच नाही. ते त्याला अजून खातं.

"कर की रं," तात्या म्हणतात. "किती ताटकळत ठेवणार?"

"तात्या, मला एकाच डोळ्यानं दिसतं. कापलं म्हंजे?"

"मेलेल्याला काय कापणार तू? आन् शेवटची चार वर्षं मला तरी कुठं दिसत हुतं? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कुणाला कापलं का?"

"कुणालाच न्हाई."

"मग! डावा अंगठा आधी टेकव. कातडी ताण. वस्तरा अंगठ्याला लागूनच ठेव, हवेतनं आणायचा न्हाई. डोळा राहू दे गिऱ्हाइकाकडं बघून हसायला."

आता घाट नाही, दवाखान्याची खोली आहे. सलाइनच्या बाटलीशेजारी साबणाची वाटी. भानुदास फेस लावतो, अंगठा टेकवतो, वस्तरा मागोमाग येतो. खर्र. या आवाजासाठी तो चार महिने झुरलाय. गाल होतात, हनुवटी होते. गळ्याशी मात्र हात थांबतो. तात्या खुशाल मान मागं टाकून डोळे मिटतात. भानुदासला रडू फुटतं, पण तो गळ्यावर अंगठा टेकवतो आणि वस्तरा अंगठ्याला लागूनच खाली उतरतो.

"झाली, तात्या."

तात्या गालावरून उलटा हात फिरवतात. "ब्येस केलीस."

शटर खडखडतं. माधव वाकून आत येतो. "दादा, झोपलास व्हय? वस्तरा दे, निघतो."

भानुदास उठतो. डाव्या अंगठ्यावर ओला फेस आहे, त्यात बारीक पांढरी खुंटं. त्याच्या स्वतःच्या दाढीत एकही पांढरा केस नाही.

माधवचंही तिकडं लक्ष जातं. "सुट्टीच्या दिवशी कुणाची दाढी केलीस?"

"एक राहिली हुती." भानुदास टॉवेलच्या कोपऱ्याला अंगठा पुसतो, त्या कोपऱ्याला गाठ मारतो आणि वस्तऱ्यासाठी नवं पातं काढतो. "बस. तुझीपण करतो."