कांबळे सरांबरोबर एक फेरी

गणिताच्या मास्तरानंच गणित सोडा म्हणून पोरांच्या मागं लागावं, असं मी तरी दुसरीकडं कुठं बघितलेलं नाही. अकरावीच्या पहिल्या तासाला कांबळे सर वर्गात आले, खिशातनं खडू काढला, फळ्याकडं वळले आणि काहीच न लिहिता परत फिरले. म्हणाले, "डॉक्टर कोण कोण होणार हाय?" निम्म्या वर्गानं हात वर केले. माझाही होता. सरांनी सगळ्या हातांवरनं नजर फिरवली आणि विचारलं, "मग हितं काय करताय?"

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. वर्गातल्या खुर्चीवर त्यांनी हेल्मेट आणि पिशवी ठेवली होती आणि पुढं वर्षभर ती खुर्ची हेल्मेटचीच राहिली. कांबळे सर बसत नसत. शिकवताना बाकांमधनं चालायचे, स्टाफरूममध्ये खिडकी ते कपाट असं चालायचे, आणि कॉलेजबाहेरच्या गाड्यावर चहा घेतला तर ग्लास हातात धरून पार कोपऱ्यापर्यंत जायचे. गाडेवाला ओरडायचा, "सर, ग्लास तेवढा परत आणा." शर्टाच्या खिशाला खडूचा पांढरा डाग कायमचा होता. घरी बायको रोज धुवत असणार बिचारी, पण डाग काही हटला नाही.

ज्यांच्या घरात अकरावी-बारावी सायन्सचं पोर नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिनिअर व्हायचं तर गणित लागतं, डॉक्टर व्हायचं तर जीवशास्त्र. ज्यांना ठरवता येत नाही, किंवा ज्यांच्या आईबापांना ठरवता येत नाही, ते दोन्ही घेतात. त्याला एबी ग्रुप म्हणतात. हे नाही जमलं तर ते, असा सगळा हिशेब. "दोन्ही दारं उघडी राहत्यात," असं आमच्या आत्ती शेजारणींना अभिमानानं सांगायच्या. सरांचं म्हणणं वेगळं होतं. "दोन्ही दारं उघडी ठेवली की घरात नुसतं वारं फिरतंय. माणूस बसत न्हाय." आणि हे सांगणारा माणूस स्वतः बसत नव्हता, हे आमच्या वर्गानं लगेच टिपून ठेवलं होतं.

मी मूळची चंदगडची. माझ्या वडिलांची, आबांची, थोडी भातशेती आणि काजूची झाडं. मी कोल्हापुरात आत्तींकडं, आबांच्या बहिणीकडं, राहायला आले ती डेंटिस्ट व्हायचं ठरवून. लोक विचारायचे, "डॉक्टरच व्हायचंय न्हवं, मग दाताचीच का?" जणू मी पुरणपोळी सोडून भाकरीच मागत होते. पण लहानपणी आईची दाढ दुखायला लागली की तिला पावसात एसटीनं तालुक्याबाहेर न्यावं लागायचं. घाटात गाडी आदळली की ती पदर तोंडात धरायची, आणि मी तिच्या मांडीवर बसून तिचा सुजलेला गाल बघत राहायची. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. मला दातच पाहिजे होते. तरीही मी दोन्ही ग्रुप घेतले होते, कारण आबा म्हणाले होते, "असू दे की गं, वाया जात न्हाय."

वाया मीच चालले होते. पहाटे गणिताची शिकवणी, मग कॉलेज, मग शाहूपुरीतला मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा क्लास. जीवशास्त्राच्या तासाला मी वहीखाली गणितं सोडवायची आणि गणिताच्या तासाला पेशींची चित्रं आठवायची. जेवताना पाय हलायचा. आत्ती म्हणायच्या, "ताट तरी हलवू नको बाई." जिथं असेन तिथं नसायचंच, असं ते वर्ष सुरू झालं होतं. चाचणीत दोन्हीकडं मार्क पडले ते सांगण्यासारखे नव्हते.

एक दिवस सरांच्या तासाला मी बाकाखाली खडूला ब्लेडनं कोरत बसले होते. दाढ करत होते. वर उंचवटे, मध्ये खाच, खाली दोन मुळं. हात गुंतला होता आणि पाय थांबला होता, इतका की सर शेजारी येऊन उभे राहिलेलं मला कळलं नाही. त्यांनी हात पुढं केला. मी दाढ दिली. त्यांनी ती उजेडात धरली, फिरवून बघितली, आणि स्वतःच्या खिशात, खडूंच्यात टाकली. "तास झाल्यावर ग्राउंडवर ये."

सरांची फेरी कॉलेजात प्रसिद्ध होती. कुणाला सल्ला द्यायचा तर ते केबिनमध्ये बोलवत नसत, ग्राउंडला फेरी मारायला न्यायचे. आपण बोलायचं, त्यांनी ऐकायचं, आणि दोघांनी चालायचं. काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय केलंस ते सांग, म्हणाले. मी सांगत गेले. एका फेरीत संपलं नाही. दुसऱ्या फेरीला गोलपोस्टजवळ ते थांबले आणि म्हणाले, "गणिताच्या शिकवणीचं नाव काढलं की तू मागं पडतीस. दाताचं काढलं की मला तुझ्यामागं पळाय लागतंय. अवघड हाय का यात काही?"

मी म्हणाले, आबांना विचारायला पाहिजे. सर म्हणाले, बोलव.

आबा चंदगडच्या पहिल्या गाडीनं आले. सरांसाठी काजू आणले होते. सरांनी पिशवी घेतली, आत्तींच्या घरी दे म्हणून माझ्याकडं दिली, आणि आबांनाही फेरीला काढलं. मी मागनं. आबांना सपाटीवर उगाच गोल गोल चालायची सवय नव्हती. कामाशिवाय चालणं त्यांना लाज वाटण्यासारखं वाटत होतं, सारखे इकडंतिकडं बघत होते. सरांनी माझा विषय काढलाच नाही. काजूच्या कलमांची चौकशी केली. कधी लावली, किती दाट लावली, फळ कधी धरलं. आबा खुलले. सांगायला लागले की कलमाला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मोहर येतो, पण तो खुडून टाकायचा, न्हायतर झाड वाढत नाही.

"खुडताना जीवावर येत असंल की," सर म्हणाले.

"येतंय तर. पण झाड पाहिजे असंल तर खुडायला लागतंय."

सर चालत राहिले. आबा दहा पावलं गेले आणि त्यांच्या लक्षात आलं. ते चिडले. झाडाचं वेगळं, पोरीचं वेगळं, असं म्हणाले आणि सरांचा निरोप घेऊन तडक स्टँडवर गेले. मी सोबत होते. गाडी सुटायला लागली तेव्हा खिडकीतनं डोकं बाहेर काढून म्हणाले, "काढ ते गणित." आणि लगेच दुसरीकडं बघायला लागले.

विषय बदलायचा अर्ज घेऊन मी दुसऱ्या दिवशी ऑफिसकडं निघाले, तर जीवशास्त्राच्या सूर्यवंशी मॅडमनी जिन्यात अडवलं. मॅडम चांगल्या होत्या, मला खरं तर त्यांच्याच विषयाला जायचं होतं. त्यांनी अर्ज वाचला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आणखी एक गेली का? हा माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय." मग त्यांनी सांगितलं ते असं. गणिताच्या दोन तुकड्या होत्या म्हणून कॉलेजात गणिताचे दोन शिक्षक होते. पोरं कमी झाली की दोन तुकड्यांची एक होणार. तास कमी होणार. मग दोघांतला जो नंतर लागलेला तो अतिरिक्त ठरणार आणि सरकार पाठवील त्या गावाला जाणार. नंतर लागलेले कांबळे सर होते. त्यांच्या मुलीची दहावी होती, बायकोची नोकरी इथं होती, आणि वडील अंथरुणावर होते. आणि सरांना हे सगळं माहीत होतं.

मी अर्ज खिशात घातला आणि सरांना शोधत गेले. ते रिकाम्या वर्गात चालत होते. मी म्हणाले, "सर, मी गणित ठेवतो." कोल्हापुरात मुलीही येतो-जातोच म्हणतात, आणि तेवढं मी आल्या आल्या शिकले होते.

"का?"

मी सांगितलं. तुमची तुकडी मोडेल म्हणून. आम्ही पाच-सहा जणी ठरवून राहिलो तर मोडणार नाही. एक विषय जास्तीचा, त्यात काय एवढं.

सरांनी खुर्चीवरचं हेल्मेट उचललं, पिशवी उचलली, दोन्ही खाली फरशीवर ठेवलं आणि ते खुर्चीत बसले. मी घाबरले. हा माणूस बसलाय म्हणजे काहीतरी फार मोठं बिघडलंय, असं मला वाटलं.

"माझा बाप गूळ बाजारात हमाली करत होता," ते म्हणाले. "दुसऱ्याची पोती पाठीवर घेऊन त्यानं मला शिकवलं. माझं पोतं कुणा पोरीच्या पाठीवर द्यायला न्हवं. जा, अर्ज दे."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. मी ऑफिसात गेले, अर्ज दिला आणि मागच्या नळावर जाऊन भरपूर रडले. दुसऱ्या दिवसापासून पहाटेची शिकवणी बंद झाली. पहिले काही दिवस त्या वेळेला जाग यायची आणि काहीतरी चोरल्यासारखं वाटायचं. मग मी त्या वेळेत नुसतं जीवशास्त्र वाचायला लागले. आत्तींनी एका रात्री माझ्याकडं बघून सांगितलं, ताट हलत नाही आता.

बारावी झाली, प्रवेश परीक्षा झाली, मला डेंटलला प्रवेश मिळाला. त्याच वर्षी गणिताची तुकडी मोडली आणि सर अतिरिक्त ठरले. पाठवलं कुठं, तर आमच्या चंदगड तालुक्यात. मी दात शिकायला चंदगड सोडून लांब आले आणि ज्यांनी मला वाट मोकळी करून दिली ते माझ्या गावच्या पावसात जाऊन उभे राहिले. असला न्याय आहे. ते सोमवारी जायचे आणि शनिवारी परत यायचे. वडील गेले तेव्हा ते कोल्हापुरात नव्हते, हे मला फार उशिरा कळलं, आणि अजूनही ते आठवलं की मला राग येतो. कुणावर काढायचा तेवढं कळत नाही.

आबांचा फोन यायचा. "तुझे सर स्टँडवर फेऱ्या मारत हुते." किंवा, "तुझे सर आज घरला आलते, उभ्यानंच च्या पिले." तिथं उलटंच होतं म्हणे. पोरं गणिताला भिऊन त्याच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती, आणि सर एकेकाला बांधावरनं फिरवून आणून वर्गात बसवत होते.

शाहूपुरीत मी दवाखाना घातला, त्याला आता बरीच वर्षं झाली. मागच्या जूनमध्ये एका सकाळी काचेबाहेर एक माणूस फुटपाथवर येरझाऱ्या घालताना दिसला. केस पांढरे, खिशावर डाग नाही. डाग नसल्यामुळं ओळखायला वेळ लागला. सर निवृत्त होऊन कोल्हापूरला परतले होते.

दाढ पार हलत होती. खालचं हाडच झिजलं होतं, वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सांगितलं, काढावी लागेल. त्यावर हा माणूस, ज्यानं अख्ख्या कॉलेजाला सोडा-सोडा केलं, तो खुर्चीत ताठ बसून म्हणाला, "राहू दे की. हलती, पण हाय अजून."

"सर, हे माझं म्हणणं न्हवं, तुमचं आहे," मी म्हणाले. "नको असलेलं धरून ठेवायचं न्हाय."

त्यांनी डोकं मागं टेकलं. मग मी इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं. त्या वेळचा पश्चात्ताप झाला का कधी?

"व्हायचा की," सर म्हणाले. "सोमवारी पहाटे एसटीत बसलो की रडू यायचं. खोटं कशाला बोलू. वर्गात गेलो की जायचं." आणि आ केला.

दाढ काढली, कापूस चावायला दिला. अर्धा तास तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही, गप बसून राहायचं, असं बजावलं. बसायचं सोडून बाकी त्यांनी ऐकलं. बाहेरच्या बाकावर दातांना तारा बसवलेली एक मुलगी आईबरोबर बसली होती. नुकतीच दहावी झालेली. आई प्रत्येक वेळी विचारायची तेच तिनं आजही विचारलं, "मॅडम, हिला दोन्ही ग्रुप घेऊ दे न्हवं? तुमच्यासारखी डॉक्टर झाली तर झाली." मुलगी पाय हलवत फरशीकडं बघत होती. मी म्हणाले, हे आमचे सर, विचारायचं तर यांना विचारा, पण आज ते बोलू शकत नाहीत.

सरांनी मुलीकडं बघितलं. बोटानं दाराकडं खूण केली. मी नको नको म्हणेपर्यंत दोघं रस्त्यावर होते.

मी आत पुढच्या पेशंटकडं गेले, तरी काचेतनं मला दिसत होतं. मुलगी आधी खाली मान घालून चालली, मग बोलायला लागली, मग हातवारे करायला लागली. सर गाल धरून शेजारनं चालत होते. कोपऱ्यावर ती त्यांच्या पुढं निघून गेली आणि सरांना जवळजवळ पळावं लागलं. माझ्या पुढ्यात एकजण तोंड उघडून पडला होता. त्याला मी सांगितलं, एक मिनिट.

ती आत आली ती आईसमोर उभी राहून म्हणाली, "मी बायो सोडणार. मला गणितच पाहिजे." आईनं सरांकडं असं बघितलं, जणू त्यांनीच पोरीला फितवलंय. सर तर एक अक्षर बोलले नव्हते. त्यांनी फक्त दाराला टेकून दम खाल्ला, आणि अर्धा तास व्हायच्या आत तोंडातला कापूस काढून म्हणाले, "शाब्बास."

मी बाहेर आले आणि त्यांच्या हातात दुसरा कापूस दिला. सांगितलं, सर, आता तरी जरा बसा. आणि ते बसले.