म्हशीनंतरचा नंबर

"पूस," मुनीम म्हणाला. "फ्रॉकनंच पूस."

आमच्या खोपीवर मी कोळशाने एक आकडा लिहिला होता. शहाडच्या नदीकाठी वीटभट्टी, तिथेच कच्च्या विटा रचून, वर पेंढा टाकून आमची खोपी. त्या सकाळी जनगणनेचे मास्तर आले. त्यांनी शेठच्या बंगल्यावर गेरूने नंबर घातला. ऑफिसवर घातला. म्हशींच्या गोठ्यावरही घातला. मग आमच्या खोप्यांकडे पाठ करून चहा प्यायला बसले. मला वाटलं, विसरले. मी दुसरीत होते, आकडे येत होते. गोठ्याच्या पुढचा आकडा मीच आमच्या भिंतीवर काढला. काय आनंदाने काढला होता!

"शेठ, बघा तरी! म्हशीनंतर हिचा नंबर!" मुनीम ओरडला. शेठ आला. मास्तर कप घेऊनच आले. तिघेही पोट धरून हसले. आणि मग ते पूस.

फ्रॉक एकच होता. मी पुसत राहिले. कोळसा जाईना, नुसता पसरला. आई चिखल तुडवत होती, ती तशीच धावत आली. "दादा, आमी बी माणसाच हाव. आमाला बी लिवा ना."

मास्तरांनी पिशवी पोटाशी धरली. "लांब राहा, कागद खराब होतील."

"ही इथली नाहीत हो, मास्तर," शेठ म्हणाला. "डोंगरातली कातकरी. पावसाळ्यात जातील परत. तिकडं मोजतील."

पावसाळ्यात आम्ही परत गेलो. मुरबाडच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमचा पाडा. तिथे ग्रामसेवक भाऊसाहेबांनी सांगितलं, मोजणीवाले येऊन गेले, तुमची सगळी घरं कुलूपबंद निघाली. कुलूपबंद! कुडाच्या घराला कडी नसते, कुलूप कुठून आणायचं? भट्टीवर निघताना बाप दाराला काटेरी फांदी लावायचा, कुत्री शिरू नयेत म्हणून. त्या फांदीला कुणी हात लावला नव्हता. मोजणारा पाड्यावर चढलाच नव्हता, खालच्या रस्त्यावरूनच परत गेला होता.

म्हणजे भट्टीवर आम्ही डोंगरातले आणि डोंगरात आम्ही भट्टीवरचे. दोन्हीकडून हाकललेले. आईने पाड्यासाठी अंगणवाडी मागितली, तर उत्तर आलं, लोकसंख्या भरत नाही. आम्ही चुली पेटवत होतो, पोरं जन्माला घालत होतो, मेलेल्यांना पुरत होतो, आणि लोकसंख्या भरत नव्हती. अंगणवाडी नाही म्हणून माझी धाकटी बहीण भट्टीच्या धुरात, झोळीत वाढली. आज चार पावलं भरभर चालली तरी तिला धाप लागते. याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.

मी आश्रमशाळेत शिकले, शिक्षिका झाले. परवा ठाण्यात जनगणनेचं प्रशिक्षण होतं. हॉल एसी, पाण्याच्या बाटल्या, समोर पडदा. जिल्हा म्हणून पडद्यावर नुसते टॉवर. माझ्या भागात शहाडचा नदीकाठ आलेला. तीच भट्टी.

शिकवणारे साहेब घड्याळ बघत म्हणाले, "भट्टीवाले वगैरे सोडून द्या. फिरते लोक. गावाकडे त्यांची नावं लागतातच. दोन्हीकडे लागले तर आकडा बिघडतो."

मी उभी राहिले. "दोन्हीकडे कधी लागलेत, सर? एक तरी माणूस दाखवा."

"अगं, बस ना," शेजारची ठाकुर्लीची मॅडम पदर ओढत कुजबुजली. "कशाला वाढवतेस? चारला सुटायचंय."

"गावाकडे त्यांची घरं कुलूपबंद लिहितात, सर. त्या घरांना कुलूप नसतं. फांदी असते."

हॉल खदखदून हसला. साहेबही हसले. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मॅडम, तुम्ही त्यांच्यातल्या का?"

तोच आवाज. मुनीम मेला असेल, त्याचा आवाज एसीत बसलेला होता. पूर्वी मी खाली मान घालून फ्रॉक भिंतीला लावला होता. आता माझी मान खाली जाईना.

"हो," मी म्हणाले. "म्हशीनंतरचा नंबर माझा."

कुणाला काही कळलं नाही. मी समजावलंही नाही. साहेबांचा चेहरा आंबट झाला. "तुम्हाला झेपणार नाही. भाग बदलून देतो. डोंबिवलीत एखादी चांगली सोसायटी घ्या, लिफ्ट आहे."

"नको. तसं करायचं तर लिहून द्या, सर. भट्टीवरची माणसं मोजायची नाहीत, असं तुमच्या सहीने लिहून द्या."

त्यांनी माईक दुसऱ्याच्या हातात दिला आणि पाणी प्यायला गेले. कुणी काही लिहून दिलं नाही. देणारही नाहीत. उद्या नोटीस काढतील, डोंगरात कुठेतरी बदली करतील. डोंगराची भीती मला घालतात!

मी भट्टीवर जाणार आहे. बंगल्याला नंबर घालीन, गोठ्यालाही घालीन, नियमच आहे तो. मग एकेका खोपीत वाकून शिरेन, माणूस न् माणूस लिहीन. चिखलाचे हात माझ्या कागदाला लागू देत. आकडा मी भिंतीवर ऑइलपेंटने घालणार आहे, फ्रॉकने पुसला जाणार नाही असा. आणि पूस म्हणणारा कुणी आलाच, तर त्याने आधी मला तिथून हलवून दाखवावं.