झोलिखाचं नहाणं

तलेम्सान शहरातल्या हमामात, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, झोलिखाने तीस वर्षं बायकांच्या पाठी घासल्या. कोणाच्या पाठीवर कुठे तीळ आहे, हे तिला त्यांच्या नवऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक. कर्करोगाने तिचा डावा स्तन गेला आणि काखेखाली जखमेतलं पाणी काढणारी नळी नि बाटली लटकवून दवाखान्याने तिला घरी पाठवलं, तेव्हा त्या सगळ्या पाठी तिला भेटायला आल्या.

प्रत्येकीने हरीरा सूपचं पातेलं आणलं. झोलिखा विधवा, घरात एकटी. पाहुण्यांना कोरडं कसं पाठवायचं, म्हणून तीच उठून एका हाताने पुदिन्याचा चहा करी. "तू पडून राहा गं," असं म्हणत बायका दुसरा पेला मागत. बाटली वाईट दिसते म्हणून एकीने तिला कशिद्याची पिशवी शिवली. दुसऱ्या दिवशी तिघी तिचा नमुना उतरवून घेऊन गेल्या.

हात डोक्यापर्यंत जात नव्हता. नऊ दिवस केसांना पाणी नव्हतं. ते मात्र कोणी विचारलं नाही.

शेवटी तिने डॉक्टरीणबाईंना विनवलं, मला परत भरती करा, जरा विश्रांती मिळेल. त्यांनी चिठ्ठी दिली: पाहुण्यांना मनाई. ती दारावर डकवली, तर वाचायलाच निम्मी गल्ली जमली. बराच खल झाला. पाहुणे म्हणजे परके, आपण तर घरच्याच, असं ठरलं आणि सगळ्या आत आल्या.

दहाव्या दिवशी नणंद फातना आली. एका लग्नातल्या मानापमानावरून दोघींचा सहा वर्षं अबोला. तिने बायकांकडे नुसतं पाहिलं आणि खोली रिकामी झाली. मग तिने किटलीत पाणी तापवलं. पण अबोला मोडायला दोघी तयार नव्हत्या.

"किटले, हिला सांग, मान मागे कर."

"किटले, तिला सांग, पाणी कढत आहे."

केस धुऊन झाले. झोलिखा किटलीलाच म्हणाली, "मी अजून आरशात पाहिलं नाही. भीती वाटते."

फातनाचा हात थांबला. "सांग तिला, आधी मी बघते."

पट्टी बदलायचीच होती. तिने ती सोडली, नीट निरखलं आणि एकदम सरळ बोलली, "वहिनी, टाके सरळ आहेत. तुझ्या शिलाईपेक्षा बरे."

झोलिखा हसली. हसताना टाके ओढले म्हणून रडली, आणि मग बराच वेळ रडतच राहिली. फातना टॉवेल धरून बसून होती.

मग ती रोज येऊ लागली. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे झोलिखाला भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायला लावी. झोलिखाची बोटं दाराच्या वरच्या कडीला लागली, त्या दिवशी फातना स्टुलावर बसली, डोक्यावरचा रुमाल सोडला नि म्हणाली, "आता माझे धू."