‘होल्ड ऑन’ म्हणून गेलेली शोभा

"होल्ड ऑन हं ताई, कुकर बंद करून आले," असं म्हणून शोभाने रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि ती परत आलीच नाही. महिना उलटून गेला, तरी हे वाक्य लिहिताना हात थांबतो. फोनमधून एक शिट्टी ऐकू आली, मग आणखी एक, मग आणखी... मी इकडून ओरडतेय, "अगं शोभा, भाताचा गोळा होईल!" चेष्टाच करत होते मी. शेवटी तिकडे धावपळ ऐकू आली आणि शेजारच्या बाईंनी फोन उचलला. "दीदी, शोभाभाभी किचन में गिर गयी हैं. कुछ बोल नहीं रहीं." गोडदेवच्या माझ्या घरून रिक्षा करून नवघरला तिच्याकडे पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. धडधाकट बाई, सकाळी बाजार करून आलेली! मला अजूनही ते खरं वाटत नाही.

गोडदेवला येण्याआधी मी नवघरला तिच्याच मजल्यावर राहायचे. मी मुंबईत एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर, ती लग्न होऊन रत्नागिरीहून आलेली. स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका गाळ्यात तिला फोन घ्यायचं काम लागलं. समोरून इंग्रजी आलं की ही घाबरून फोनच ठेवून द्यायची. शेठ वैतागले. "शोभाबेन, पार्टी का फोन फिर से कटा तो मैं दूसरी बाई रखूँगा." नवऱ्याची, दिलीपरावांची, कंपनी तेव्हा बंद पडलेली, घर हिच्या पगारावर. संध्याकाळी माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली. "ताई, आता या वयात मी इंग्रजी कधी शिकू?"

"सगळं नको शिकूस. ‘होल्ड ऑन प्लीज’ म्हण आणि शेठना हाक मार."

"म्हणजे ‘थांबा’च ना?"

"थांबा, फोन ठेवू नका."

तिने क्षणभर विचार केला. "म्हणजे मी परत येतेय, असं सांगायचं." इतकी वर्षं मी ते शब्द दिवसभर बोलत होते, पण असा विचार कधी केला नव्हता.

नोकरी टिकली. आणि मग काय, माकडाच्या हाती कोलीत! भाजीवाल्याला होल्ड ऑन, रिक्षावाल्याला होल्ड ऑन. सत्यनारायणाच्या पूजेत सुपारी सापडेना, तर गुरुजींनाही हात दाखवून होल्ड ऑन! आम्ही हसून हसून बेजार. पण एवढं म्हटल्यावर तिने कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाही. धापा टाकत यायची आणि म्हणायची, "आले हं, बोला." म्हणूनच मला तिचा राग येतो. सरळ सांगते, राग येतो.

परवा तिच्या घरी फोन केला. दिलीपराव आता एकटेच असतात. जेवलात का, एवढं विचारून होतंय तोच मागे कुकरची शिट्टी झाली. "ताई, होल्ड ऑन हं," ते म्हणाले, अगदी तिच्याच सुरात, आणि रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा तोच आवाज आला. मी फोन कानाशी दाबून बसले. आणखी एक शिट्टी... मग काहीच नाही. मग चपलांचा आवाज जवळ आला.

"आलो हं ताई, बोला."