ओलं जाळं आणि माझी बाही

हात जाळ्याला लागला तर पंचाची वाट बघायची नाही, आपणच ‘लागला’ म्हणून ओरडायचं, हा व्हॉलीबॉलचा नियम रेवदंड्यात मीच आणला. पुस्तकात एवढंच होतं की जाळ्याला हात लावणं चूक. ओरडायची पुरवणी माझी. मास्तर माणूस, पुरवणी जोडल्याशिवाय चैन पडत नाही.

एकोणीसशे तिसाच्या पुढची दोन-तीन वर्षं. मी तिथल्या इंग्रजी शाळेत गणित शिकवायचो आणि कवायतही माझ्याच गळ्यात पडली होती. खेळाचा चेंडू मुंबईहून बोटीने आला, जाळं काही आलंच नाही. शेवटी कोळीवाड्यातून मासळीच्या जाळ्याची एक लांब पट्टी मिळाली आणि तिच्यामागोमाग तिथली जवान पोरंही खेळायला आली. त्यांना शिकवताना माझा घसा बसला. हाती आलेलं सोडायचं नाही हा त्यांचा पिढीजात धंदा. चेंडू आला की दोन्ही हातांनी छातीशी! “अरे, पापलेट नाही तो, बोटांनी उडव!” असं मी दिवसातून वीसदा ओरडायचो. पण एकदा उमगल्यावर ते आम्हालाच भारी पडू लागले. होडीवर एकमेकांना हाका घालायची सवय, त्यामुळे एका चेंडूवर दोघं कधी आपटत नसत. आणि बाजू निवडायची वेळ आली की खारा वारा तोंडावर येईल तीच मागून घ्यायचे. वारा पाठीशी असला की चेंडू रेषेबाहेर पळतो, हे माझ्या पुस्तकात नव्हतं.

मग एकदा सामना ठरला, शाळा विरुद्ध कोळीवाडा. जाळं टिकावं म्हणून कोळी ते ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून रंगवतात. आमची पट्टीही त्यांनी त्याच सकाळी रंगवून आणली होती. ओली होती, विटकरी रंगाची.

शेवटच्या डावात आमचे चौदा गुण, त्यांचे तेरा, आणि सर्व्हिस आमची. गुण मिळतो तो सर्व्हिस करणाऱ्यालाच, म्हणजे पंधरा करून जिंकायला आम्हाला एकच हवा होता. चेंडू नेमका जाळ्यावर उंच आला. इकडून मी उडी मारली, समोरून तांडेलाच्या पुतण्याने. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. हा पुतण्या त्याच्याच होडीवर होता. जाळं हललं. बंदरावरचा कारकून पंच होता, त्याने शिट्टी फुंकली.

“कोणाचा हात?”

मला कोपराखाली काहीतरी गार लागलं होतं. वारा असेल, असं मी मनाला सांगितलं, आणि त्या लबाडाला ते लगेच पटलं. मी गप्प बसलो.

“माजा न्हाय,” पोरगा म्हणाला.

“हात दाखव.”

त्याने हात पुढे केले. कोपरापर्यंत विटकरी! सकाळी जाळं रंगवलं होतं त्यानेच. सगळी वाळू हसली. “या जाल्याची आन, मी न्हाय लावला,” तो म्हणाला, तर लोक आणखी हसले. माझे हात दाखवा म्हणायचं कोणाला सुचलंसुद्धा नाही. गुण आम्हाला मिळाला, आम्ही जिंकलो, आणि मुलांनी मला खांद्यावर घेतलं.

घरी येऊन सदरा काढला. उजव्या बाहीवर, खालच्या अंगाला, जाळ्याची तीन घरं स्वच्छ उमटली होती.

बायको दारातच उभी होती. “कोळीण आत्ताच मासळी देऊन गेली,” ती म्हणाली. “तांडेल म्हणतो, जाळ्याची खोटी आण घेणारा आपल्या होडीत नको. पहाटेच्या ओहोटीला होडी निघणार आहे, पुतण्याला मागे ठेवून.” बोलताना तिची नजर बाहीवर होती.

“लिंबू चोळून बघ. निघेल,” मी म्हणालो.

“निघेल की. पण त्या पोराला होडीत कोण घेईल?”

मी तिच्यावर खेकसलो. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. रात्री अर्ध्या ताटावरून उठलो. पहाटे उठलो तर तोच सदरा घडी घालून उशाशी ठेवलेला. “हाच घाला,” ती म्हणाली.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा होडी पाण्यात होती आणि पोरगा माझ्याकडे पाठ करून वाळूत बसला होता. वाटेत मी मोठं भाषण जुळवलं होतं. धोतरासकट गुडघाभर पाण्यात शिरलो आणि सगळं विसरलो. नुसता हात पुढे केला. “तांडेल, हात माझा होता.”

म्हाताऱ्याने बाही डोळ्यांशी नेली, अंगठ्याने डागाचं एक घर मोजलं. “आमच्याच जाल्याचं हाय,” तो म्हणाला. मी शिव्या खायच्या तयारीने आलो होतो. त्याला तेवढी सवड नव्हती. तो पुतण्यावर ओरडला, “ए, ऊठ! पानी उतरतंय!”

पोरगा धावत येऊन होडीत चढला. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच पाण्यात उभा राहून हसत सुटलो. परीक्षा पास झालो तेव्हासुद्धा असं वाटलं नव्हतं. होडी वळली तशी त्याची हाक आली, “मास्तर, सर्व्हिस आमची!”

होडी परत आल्यावर तिथूनच डाव पुढे खेळलो. चूक माझी, म्हणजे सर्व्हिस त्यांची. सर्व्हिस आली की सगळ्यांनी एकेक जागा प्रदक्षिणेसारखं सरकायचं, त्यामुळे जाळ्याजवळचा तो पोरगाच सर्व्हिसला मागे आला. पहिल्या चेंडूला कोणाचा हात पोचला नाही. चौदा-चौदा. दुसरा चेंडू जाळ्याशी आला, मी उडी मारली, जाळं हललं.

“लागला! लागला!” शिट्टीच्या आधी मीच ओरडलो.

पोरगा मागून धावत जाळ्यापाशी आला. जाळं पुन्हा ताजं रंगवलेलं, ओलं. त्याने वाकून माझी बाही पाहिली. पांढरी होती.

“न्हाय लागला,” तो पंचाला म्हणाला. “वारा व्हता.”

कारकून स्टुलावरून उठला नाही. हात दाखव म्हणाला नाही, बाही दाखवा म्हणाला नाही. “तो म्हणतो तर नसेल लागला,” म्हणाला. “परत खेळा.”

त्याच्याच सर्व्हिसवर त्यांनी लागोपाठ दोन गुण घेतले आणि आम्ही हरलो. घरी गेलो, तर बायकोने आधी बाही उलटसुलट करून बघितली, मग पान वाढलं. त्या दिवशी मी दोनदा भात मागून घेतला.